साप, ताप आणि टक्

जे. पी. नगर, बंगळूर
१२ सप्टेंबर १९९५

ती. रत्नाकरमामास,

नमस्कार, क्षेमकुशल सगळं मनातल्या मनात लिहिलंय असं समज. सांगायचं इतकं आहे की कागद पुरायचा नाही.

मामा, मला कॉम्प्युटर मिळाला! ऑफिसात, माझ्या टेबलावर, माझ्या एकटीचा. आजवर आमच्या बोम्मसंद्राच्या कारखान्यात कानाचं मशीन सुधारायचं म्हणजे सुटे भाग जोडत बसायचं आणि धूर निघाला की पुन्हा पहिल्यापासून. आता सर्किट पडद्यावर काढायचं आणि तिथंच चालवून बघायचं. सॉफ्टवेअरचं नाव स्पाइस. वीणाक्का, म्हणजे जिच्या घरी मी राहते ती, म्हणाली, "मसाला? मग स्वल्प मलाही दे की गं."

गंमत ऐक. मशीन चालवून बघायचं तर त्याला काहीतरी ऐकवायला हवं. पडद्यावर बोलणार कोण? म्हणून एका टोकाला 'सोर्स' जोडायचा. सोर्स म्हणजे आपण बनवलेला खोटा आवाज. तो किती मोठा, किती बारीक, कधी सुरू, कधी बंद, हे आकडे आपण भरायचे. आकडा बदलला की पडद्यावरची रेघ लगेच बदलते. परवा मी दहा मिलिव्होल्टमधलं 'मिलि' लिहायला विसरले. हजारपट आवाज! खरं मशीन असतं तर जीवच गेला असता त्याचा. इथं नुसती रेघ छताला जाऊन चिकटली. माझे साहेब नरसिंहराव मागे उभे होते. म्हणाले, "सिद्धी, कोणाच्या कानात ओरडतेस?"

आता तक्रार. फोनवर तू माझ्याशी बोलतच नाहीस. रविवारी मी विचारलं, "मामा, मॅच कोण जिंकलं?" तर तू "छान, छान" म्हणालास आणि रिसीव्हर मामीकडे दिलास. इतका काय कंटाळलास भाचीला? निदान पत्रात तरी नीट उत्तर दे. आणि मॅचचं सांग.

तुझी,
सिद्धी


निपाणी
२५ सप्टेंबर १९९५

चि. सिद्धीस अनेक आशीर्वाद.

फोन हे काय बोलायचं साधन आहे? नुसती खरखर. पत्रात माणूस विचार करून लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. शाळेत इतकी वर्षं चित्रकला शिकवली, तेव्हा कागदाचीच सवय. तू लिहीत जा, मी लिहीत जाईन.

तुझा खोटा आवाज मला आवडला. आमच्याकडे खरे आवाजच इतके झालेत की विचारू नकोस. मॅचचं विचारलंस म्हणून सांगतो. मी अंपायर होतो. बोलिंगला अभिजीत, माझाच विद्यार्थी. हत्ती काढ म्हटलं की बोलर काढायचा. त्याचा एक चेंडू बॅटच्या कडेला लागून कीपरच्या हातात गेला, असं त्याचं म्हणणं. सगळे ओरडले. त्यात सीमारेषेवर हलगी चालू. मी म्हटलं, नॉट आऊट. त्या दिवसापासून अभिजीत रस्त्यात दिसला की सायकल दुसऱ्या गल्लीत वळवतो. हलगी वाजत असेल तर माणसानं ऐकायचं कसं, तूच सांग. आता मंडळाचे अध्यक्ष अप्पासाहेब म्हणतात, "सर, संक्रांतीच्या फायनलला तुम्ही प्रमुख पाहुणे. मांडवात खुर्चीवर बसा." म्हणजे कळलं ना? नारळ देतात तो असा. वीस-बावीस वर्षं पांढरा कोट घालून उभा राहिलेला माणूस मांडवात सरबत पीत बसणार. मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुझ्या मामीचा एक किस्सा लिहितो, तेवढंच हसशील. परवा ती परसातून धावत आली आणि म्हणाली, "अहो, ताप आलाय." मी म्हटलं, गोळी घे आणि स्वस्थ पड. तर ती माझ्यावरच खवळली. आला होता साप! तोंडातल्या तोंडात बोलायची सवय, दुसरं काय.

अभ्यास, म्हणजे काम, नीट कर.

तुझा,
मामा

ता. क. सिद्धी, मी पाकीट चिकटवताना लिहितेय. मी तोंडातल्या तोंडात बोलले नव्हते गं. साप आलाय हे आमच्या गल्लीच्या टोकाला ऐकू गेलं. तिथली माणसं काठ्या घेऊन आली. — चंपामामी


जे. पी. नगर, बंगळूर
४ ऑक्टोबर १९९५

मामा!

साप! ताप! अरे, मी बसमध्ये पत्र वाचलं आणि जागेवरून उठलेच. कंडक्टर म्हणाला, स्टॉप अजून लांब आहे. म्हटलं, सरी सरी, बरं बरं, आणि बसले परत.

'स' हा बारीक आवाज आहे, मामा. कान उतरायला लागले की आधी असे बारीक आवाज जातात. 'आप आलाय' एवढंच तुझ्या कानात शिरलं आणि पुढचं अक्षर डोक्यानं आपल्या पदरचं घातलं. बॅटच्या कडेचा 'टक्' पण तसलाच बारीक. आता कळलं तू फोन का टाळतोस!

मग मी काय केलं सांगू? आमच्याकडे मशीन तपासायला कायम एकच सोर्स लावतात, एका सुरातली शिट्टी. आमचं मशीन त्यात दर वेळी पास. मी सोर्सचे आकडे बदलले. आधी हलगीसारखा दणदणीत आवाज, आणि तो थांबल्या थांबल्या एक बारीक टक्. हलगीची रेघ आली. टक् ची आलीच नाही! सोर्समध्ये आहे, बाहेर नाही. मशीननं गिळला. मी इतकी जोरात ओरडले की शेजारच्या शेडमधला वेल्डर डोकावून गेला.

कारण साधं आहे. मोठा आवाज आला की कान दुखू नये म्हणून मशीन आपलं आपण आवाज कमी करतं. पण तो परत वाढवायला फार वेळ लावतं. हलगी थांबली तरी त्याचा कानावरचा हात निघत नाही, आणि तेवढ्यात टक् निघून जातो. हे आमच्या इतक्या माणसांना कधी दिसलंच नाही, कारण शिट्टीला मध्ये थांबायचंच नसतं.

मामा, तू कान तपासून घे. मी तुझ्यासाठी हे मशीन दुरुस्त करते. संक्रांतीच्या आत!

तुझी,
सिद्धी


निपाणी
१३ ऑक्टोबर १९९५

चि. सिद्धीस,

पत्र पोचलं. माझे दोन्ही कान डोक्याच्या दोन्ही बाजूंना जागच्या जागी आहेत. ते दुरुस्त करायला मी काही कोणाच्या कारखान्यात पाठवलेले नाहीत.

मामी बरी आहे. दिवाळीला पुण्याला जाशील तेव्हा आईला नमस्कार सांग.

रत्नाकर


जे. पी. नगर, बंगळूर
६ नोव्हेंबर १९९५

ती. मामास,

तू 'मामा' लिहिलं नाहीस, 'रत्नाकर' लिहिलंस. ते आठवून मी दिवाळीत चकली सोडून उठले. आईनं विचारलं, तर म्हटलं तिखट लागली.

मी चुकले. आनंदाच्या भरात तुझं दुखणं मी एखादं कोडं सुटल्यासारखं लिहून टाकलं. वीणाक्का म्हणाली, "अगं, माणसाला लागलेलं असतं तिथं आधी फुंकर घालतात, मग औषध." खरंय तिचं.

आज तुझ्या कानांबद्दल एक अक्षर लिहीत नाही. मशीनच्या कानांबद्दल लिहिते. मी अडलेय आणि या बाबतीत दुसऱ्या कोणाला विचारावं तर माझ्या ओळखीत दुसरा अंपायर नाही. सोर्समध्ये मी जो टक् घातलाय तो अंदाजपंचे आहे. खरा टक् असतो कसा? लगेच चढतो का? किती टिकतो? चेंडू पॅडला लागला तर काय वेगळं असतं? तू सांगितलंस तर मी आकडे बरोबर भरीन. नाही सांगितलंस तर माझं मशीन जन्मभर शिट्टी ऐकत बसेल.

आणि नरसिंहरावांना माझं म्हणणं पटत नाहीये. म्हणतात, "सिद्धी, गिऱ्हाईक काय क्रिकेटसाठी मशीन घेतं? स्वल्प पुढच्या वर्षी बघू." कानडीत 'स्वल्प' म्हणजे जरासं, पण त्यांचं 'स्वल्प' फार लांब असतं.

रागावलेला चालशील, पण लिही.

तुझी,
सिद्धी


निपाणी
१९ नोव्हेंबर १९९५

चि. सिद्धीस आशीर्वाद.

अंपायरला प्रश्न विचारलास म्हणून अंपायर उत्तर देतोय.

बॅटची कड लागते तो आवाज सुकी काटकी मोडावी तसा. चढतो म्हणून नाही, आला की पुरा आला, आणि संपला. मागे काही रेंगाळत नाही. पॅडचा आवाज गादीवर थाप मारल्यासारखा, पसरट. बॅट जमिनीला घासली तर खर्रकन लांबतो. आणि सगळ्यात शेवटी कीपरच्या ग्लोव्हजचा थप्. कड आणि ग्लोव्हज यांच्यामध्ये एक बारीक फट असते. अंपायर उभा असतो तो त्या फटीत. डोळा चेंडूवर आणि जीव त्या फटीत.

आता एक प्रश्न माझा. तुझं मशीन जे झालंच नाही ते ऐकवणार नाही ना? ऐकू न येणं वाईट, पण नसलेला टक् ऐकू येणं त्याहून वाईट. त्यात कुणाचा तरी बळी जातो.

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. परत उचललं.

सिद्धी, तुझं बरोबर आहे. तीन वर्षं झाली. आधी पाखरं गेली, मग वर्गातली मागच्या बाकावरची कुजबुज. मला वाटलं पोरं शिस्तीची झाली! फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत, म्हणून छान छान म्हणतो. तुला ते कंटाळल्यासारखं वाटलं याचं वाईट वाटलं. राग तुझा नव्हता आला, चोरी पकडली गेल्याचा आला होता.

खरा जाच वेगळाच आहे. ऐकू आलं नाही म्हणजे लागलीच नाही, असं मला आता म्हणता येत नाही. म्हणून मॅच संपली की मी मैदानाबाहेर चहाच्या गाडीवर जाऊन बसतो. पोरं तिथं खरं बोलतात. कोण हसतंय, कोण चिडलंय, त्यांच्या तोंडाकडे बघून मी माझे निकाल तपासतो. त्या दिवशी अभिजीतच्या चेंडूवर वाचलेला बॅट्समन तिथं मित्राला टाळी देत होता. तेवढ्यावरून कळलं. चहा तसाच ठेवून घरी आलो.

फायनलला मला खुर्चीवर बसायचं नाही. पण बहिरा अंपायर म्हणून उभंही राहायचं नाही. डॉक्टर कुठला बघू ते कळव.

तुझा,
मामा


जे. पी. नगर, बंगळूर
७ डिसेंबर १९९५

माझ्या लाडक्या मामास,

तुझं पत्र वाचून आधी रडले आणि मग थेट बोम्मसंद्राची बस पकडली. आता क्रमानं सांगते, नाहीतर माझंच मशीन व्हायचं, एकात एक आवाज मिसळून.

तू लिहिलंस तसा टक् बनवला. आला की पुरा, आणि लगेच संपला. पॅडचा वेगळा, पसरट. त्यांच्या मागे ग्लोव्हजचा थप्, आणि मधली तुझी फट. सगळ्यांच्या आधी हलगी. मग मशीनचा कानावरचा हात लवकर निघावा म्हणून एक कपॅसिटर लहान केला. टक् दिसला! पण फार लहान केला तर मशीन प्रत्येक शब्दाला हात ठेवतं-काढतं, बोलणं थरथरतं. मोठा केला की टक् गेला. वर-खाली, वर-खाली करत मधली एक जागा सापडली. तिथं बोलणंही सरळ आणि टक्ही उभा!

नरसिंहरावांना बोलावलं. ते म्हणाले, पुन्हा क्रिकेट? मी म्हटलं, सर, हलगी नका म्हणू, कुकरची शिट्टी म्हणा. आणि टक् म्हणजे दारावरची टकटक, नाहीतर शिट्टीनंतर कोणी हळू मारलेली हाक. ते पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, "आमच्या आईकडे आपलंच मशीन आहे. कुकर झाला की तिला हाक ऐकू येत नाही. बायकोला वाटतं, ती मुद्दाम करते." मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. मामा, त्यांनी 'स्वल्प' म्हटलंच नाही! दोन नमुने बनवायचे ठरले, एक त्यांच्या आईला, एक तुला.

आता तुझा प्रश्न, नसलेलं ऐकू येण्याचा. त्यासाठी मी सोर्सचा आकडा शून्य केला. काहीच ऐकवायचं नाही आणि मशीन काय म्हणतं ते बघायचं. पलीकडच्या टेबलावरचा सुशांत हसला, शून्य टाकून कोणी बघतं का? मी म्हटलं, माझा मामा बघतो. नव्या बॅटरीवर रेघ अगदी सपाट आली, ताटासारखी. थकलेली बॅटरी धरली तर मात्र रेघ आपली आपण कापायला लागली. म्हणजे नसलेलं ऐकू येईल ते फक्त बॅटरी उतरल्यावर. तेव्हा मॅचला नवी बॅटरी घालायची, आणि चहाच्या वेळी पुन्हा नवी. कंजूषपणा करायचा नाही!

कानाच्या डॉक्टरांची नाताळच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. मामीला घेऊन ये. वीणाक्कानं तुझ्यासाठी गादी काढून ठेवलीय. आम्ही दोघी चिकपेटला जाऊन पांढरं कापड पण आणलं. दुकानदार म्हणाला, कोणाचं लग्न? वीणाक्का म्हणाली, "लग्न नाही अण्णा, अंपायर आहे." नव्या कोटाला आतून खिसा शिवून घेतलाय, मशीन त्यात मावेल असा.

ये लवकर!

तुझी,
सिद्धी


निपाणी
१७ जानेवारी १९९६

चि. सिद्धीस अनेक, अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पोचला असेलच. हे पत्र मामी आधी वाचायला मागतेय, पण मी देत नाही.

तुमच्या बंगळूरहून आल्यापासून घरात नवाच संसार मांडल्यासारखं झालंय. वीणाताईंच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा मशीन लावलं आणि फोडणीत मोहरी तडतडली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू बघितलंस, पण काही बोलली नाहीस. शहाणी आहेस. परत आल्यावर कळलं की आमचा जिना कुरकुरतो. मामी म्हणते, वर्षानुवर्षं सांगतेय.

अप्पासाहेबांकडे मशीन लावूनच गेलो. त्यांनी कानातली वायर बघितली. मग दिवाणखान्याच्या पार टोकाला जाऊन हळूच म्हणाले, "सर, साखर किती?" मी म्हटलं, एक चमचा, आणि फायनलला खुर्ची नको. ते हसले.

आता फायनल. मैदान भरलेलं. नवा कोट, आतल्या खिशात मशीन, कानात वायर. कोणीतरी ओरडलं, "अंपायर रेडिओ ऐकतोय!" तेही ऐकू आलं, म्हणून मी त्याच्याकडे बघून हात केला. चहाच्या वेळी नवी बॅटरी घातली. शपथ.

शेवटची ओव्हर, बोलिंगला अभिजीत. समोरच्यांना चार धावा हव्या होत्या आणि त्यांची शेवटची जोडी उभी होती. एक विकेट की अभिजीतचा संघ जिंकला. हलगी तर अशी की छातीत घुमत होती. तो धावत आला, चेंडू टाकला, हलगी थांबली. चेंडू बॅटच्या अगदी जवळून गेला. कीपरनं पकडला आणि सगळं मैदान उठलं. अभिजीत माझ्याकडे तोंड करून गुडघ्यावर बसला, दोन्ही हात वर. पोराच्या डोळ्यांत मागच्या वेळचं सगळं होतं. बोट वर केलं असतं तर तो माझ्याशी पुन्हा बोलायला लागला असता, आणि मला ते किती हवं होतं हे तुला सांगायला नको.

सिद्धी, मी ग्लोव्हजचा थप् ऐकला. स्वच्छ. त्याच्या आधीची ती फट ऐकली. त्या फटीत काही नव्हतं. टक् नाही, थाप नाही, खर्र नाही. तू शून्य टाकून काढलेली ती सपाट रेघ मला आठवली. तीन वर्षांत पहिल्यांदा काही ऐकू आलं नाही आणि मला माहीत होतं, की काही झालंच नाही.

मी म्हटलं, नॉट आऊट.

शिव्या पडल्या. त्याही बारकाव्यांसकट ऐकू आल्या, त्याबद्दल तुमच्या कारखान्याचे आभार. अभिजीत उठला, जवळ आला, माझ्या कानातल्या वायरकडे बघितलं. "सर, नक्की?" हळूच विचारलं त्यानं. मी म्हटलं, "नक्की." तो म्हणाला, "बरं सर," आणि चेंडू पँटला पुसत परत गेला. पुढच्या चेंडूवर चौकार बसला. त्याचा संघ हरला. जाताना त्यानं सायकल दुसऱ्या गल्लीत वळवली नाही. माझ्या बाजूनं हातात धरून चालत आला, कोपऱ्यापर्यंत. मशीनची किंमत विचारली त्यानं, त्याच्या आईसाठी.

मग मी चहाच्या गाडीवर गेलो. मी नॉट आऊट दिलेला बॅट्समन तिथंच होता, मित्रांच्या घोळक्यात. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. पाठ करून बाकावर बसलो आणि चहा प्यायलो, पूर्ण, तळाच्या साखरेपर्यंत.

आता एवढं लांब पत्र पुन्हा लिहिणार नाही. रविवारी फोन कर. मामीला उचलू देणार नाही.

तुझा,
मामा